अकराभाऊ

धरमपेठेत झेंडा चौकाकडून गोकुळपेठ बाजाराकडे निघालं की मध्येच एका गल्लीत आमची बिल्डिंग लागते. फ्लॅट सगळे मिळून नऊ. तरी दुसऱ्या माळ्यावर अकराभाऊ राहतो. नव्या कुरिअरवाल्याला तो घरनंबर वाटतो, आणि बिचारा गच्चीपर्यंत जाऊन घामाघूम होऊन परत येतो. खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोट्ट्यांना वाटतं, हा कधीकाळी अकराव्या नंबरवर बॅटिंगला येत असेल. वॉचमनचं मत मात्र ठाम आहे : "अकरावीत नापास झाला असन, म्हणून दिवसभर त्या डब्यासमोर बसून अभ्यास करून राहिला."

खरं कारण त्याच्या टीशर्टवर आहे. इंग्रजी ए, मग ११, मग वाय. असे तीन टीशर्ट त्याच्याकडे आहेत आणि तिन्हींवर हेच. 'ॲक्सेसिबिलिटी' या शब्दाचं पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर आणि मधे गिळलेल्या अक्षरांची संख्या. आम्ही वेस्ट हायकोर्ट रोडला डब्ल्यूएचसी रोड म्हणणारी माणसं, आम्हाला अक्षरं गिळण्याचं काय कौतुक? पण गिळलेली मोजून ठेवणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

अकराभाऊ वेबसाइटी बनवतो. त्यातही दर्शनी भाग. पण तऱ्हा अशी की दर्शनी भाग बनवताना याचं सगळं लक्ष ज्यांना दर्शन घडत नाही त्यांच्याकडे. दृष्टी गेलेले, अंधुक दिसणारे, हात थरथरणारे, कडेवर पोर असल्यामुळे एकच हात मोकळा असलेली आई, आणि मे महिन्यात भर दुपारी मोबाइल उघडून त्यात स्वतःचं तोंड पाहणारा कोणताही नागपूरकर. हा शेवटचा गट त्याने आमची सहानुभूती मिळावी म्हणून जोडला असावा. पण पंचेचाळीस डिग्रीत त्याच्याशी वाद घालायला कोणी उभं राहत नाही.

त्याचं म्हणणं एकच. जगातल्या प्रत्येक वस्तूने विचारल्याबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात : नाव काय, काम काय आणि आत्ता हालत काय. हा काही त्याच्या मनचा नियम नव्हे. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून २००८ साली आलेल्या नियमावलीत ४.१.२ या नंबरावर तो लिहिलेला आहे. अकराभाऊचं दुर्दैव एवढंच की तो हा नियम वेबपानापुरता ठेवत नाही. आणि राहतो नागपुरात, जिथे कोणत्याही प्रश्नाचं उत्तर "पाहू ना भाऊ" असं असतं.

दुपारी अडीच वाजता गोकुळपेठेत एखाद्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असतं. आपण वाकून आत डोकावतो, मालक झोपेतूनच "या ना" म्हणतो, आणि काम होऊन जातं. अकराभाऊ वाकत नाही. तो बाहेर उभा राहून विचारतो, "उघडं आहे की बंद?" मालक म्हणतो, "आता तुम्ही आलेच तर पाहू." यावर अकराभाऊचा चेहरा असा होतो की जणू कोणी त्याच्या डोळ्यांदेखत पोह्यावरची तर्री सांडून टाकली. लहानपणी आम्ही सगळेच ट्रॅफिक पार्कमध्ये सिग्नलचे नियम शिकून आलो. मोठेपणीही ते पाळणारा बहुधा हा एकटाच.

मेट्रो स्टेशनवर दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरशांवरून तो डोळे मिटून चालतो. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी काढली, १९६७ साली ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसली, हे तो ऐकणाऱ्याच्या पाठीत थाप बसावी इतक्या उत्साहाने सांगत असतो. एकदा तो असाच फरशीफरशीने रस्त्यापर्यंत आला आणि सरळ एका उभ्या स्कूटरवर जाऊन आदळला. गुडघा सोलवटला. पण घरी आला तो विजयी चेहऱ्याने. "पाहिलं काका? लोक ही वाट अडवून ठेवतात, म्हटलं होतं ना मी!" स्वतःच्या गुडघ्याचा पुरावा म्हणून असा उपयोग करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसाकडे आमच्या सौभाग्यवतींनी काम दिलं. आता त्याला जबाबदार मीच.

सौ. घरगुती फराळ करून विकतात. दिवाळीच्या महिनाभर आधीपासून फोन वाजायला लागतो, आणि प्रत्येक जण तेच पाच प्रश्न विचारतो. अनारसे कधीपासून? चकली भाजणीची का? घरपोच कुठवर? पैसे आधी की नंतर? शेव किती तिखट? मी म्हटलं, एक वेबपान करून टाकू, त्यावर पाचही उत्तरं लिहू, तुझा घसा वाचेल. पुण्याच्या भाच्याने फोनवर बोलता बोलता दहा मिनिटांत ते करूनही दिलं. प्रश्नावर बोट ठेवलं की खाली उत्तर उलगडायचं, परत ठेवलं की मिटायचं. काम झालं होतं. पण मी जिन्यात भेटलेल्या अकराभाऊला कौतुकाने ते दाखवलं.

"हे अकॉर्डियन आहे, काका," तो गंभीरपणे म्हणाला.

मला राज कपूरच्या गळ्यातली ती घडीची पेटी आठवली. "त्यातून आवाज येतो?"

"येत नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे."

मग त्याने घडी उलगडून सांगितली. सिरिल डेमियन नावाच्या माणसाने १८२९ साली व्हिएन्नात त्या वाद्याचं पेटंट घेतलं. त्याचा भाता मिटतो-उघडतो, तशी पानावरची ही उत्तरं मिटतात-उघडतात, म्हणून याला तेच नाव. आमच्या दाराच्या चॅनल गेटसारखं, असं मी सुचवलं. "करेक्ट," तो म्हणाला, "पण तुमचं चॅनल गेट उघडताना अर्ध्या धरमपेठेला ऐकू येतं. हे मुकं आहे."

त्याने माझ्या कॉम्प्युटरचा माउस काढून टेबलाच्या खणात ठेवून दिला. लोकांच्या घरी जाऊन माउस लपवण्याची त्याला खोडच आहे. मग टॅबचं बटण दाबत राहिला. प्रश्नांवर काही थांबेना. गाडी सरळ पानाच्या तळाला, जशी एखादी एक्स्प्रेस लहान स्टेशन सोडून निघून जाते. मग त्याने एनव्हीडीए चालू केलं. हा पडदा वाचून दाखवणारा फुकट प्रोग्रॅम आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला. त्या आवाजाने प्रश्न वाचला आणि गप्प बसला. हे बटण आहे, हे मिटलेलं आहे, यातलं एक अक्षर नाही.

"भाच्याने डिव्ह लावला आहे," अकराभाऊ म्हणाला. कोणी दुधात भेसळ केली हे सांगतात तसा.

डिव्ह म्हणजे कोरा खोका, हे मला त्या दिवशी समजलं. दिसायला त्याला काहीही करता येतं, पण तो असतो भिंतीवर रंगवलेली खिडकी. डोळस माणूस फसतो, हात लावणारा फसत नाही. "बटण हवं, काका. बटण म्हणजे सरकारी नोकरी. एकदा लागली की सगळं आपोआप : टॅबने त्यावर जाता येतं, एंटर चालतं, स्पेसबार चालतो, मी बटण आहे हेही ते स्वतःच सांगतं. डिव्ह म्हणजे रोजंदारीचा माणूस. एकेक काम वेगळं सांगा, आणि एक विसरलात की ते होत नाही." चाळीस वर्षं सरकारी नोकरांच्या शहरात काढलेल्या मला हे एका क्षणात पटलं. सौ.नी विचारलं, "किती दिवस लागतील?" तो म्हणाला, "बटणच तर लावायचं आहे, काकू."

ही गोष्ट मे महिन्यातली.

जूनमध्ये कूलर उतरले तरी वरच्या माळ्यावरून रात्री दीड वाजता एक यांत्रिक आवाज येतच होता. तोही दुप्पट वेगाने, कारण सरावलेली माणसं तसंच ऐकतात असं याचं म्हणणं. वॉचमनने चार दिवस हनुमान चालिसा म्हटली. पाचव्या दिवशी माझ्याकडे आला. "साहेब, वर कोणी तरी 'मिटलं, उघडलं, मिटलं, उघडलं' म्हणून राहिलं. डोळ्याचं ऑपरेशन हाय का कोणाचं?"

मी वर गेलो. अकराभाऊ दोन दिवसांपासून एकाच शब्दावर अडला होता. बटणावर हालतीची पाटी लावायची असते. तिचं नाव एरिया-एक्स्पांडेड.

"कोणता एरिया?" मी विचारलं.

"एरिया, काका. आपला धरमपेठ एरिया नाही. ही वेगळी पाटी असते, डोळ्यांना न दिसणारी, फक्त आवाजाला दिसणारी. उत्तर उघडं असलं की तिच्यावर ट्रू लिहायचं, मिटलं की फॉल्स."

"आणि अर्धवट असलं तर?"

"अर्धवट नसतं." त्याचा आवाज चढला. "तिथे 'पाहू' चालत नाही."

त्याला या जगात काय आवडतं, ते मला तेव्हा कळलं. अख्ख्या शहरात त्याला हवं तसं उत्तर देणारी ती एकच जागा होती.

पण त्या एरियाचाही पहिला नियम असा की साध्या बटणाने भागत असेल तर एरिया वापरूच नये. चुकीची पाटी लावण्यापेक्षा पाटी नसलेली बरी. म्हणून अकराभाऊ एकेक पाटी लावायचा, रात्रभर ऐकायचा आणि सकाळी काढून टाकायचा. मी म्हटलं, तयार काही मिळत नाही का? मिळतं, म्हणाला. एचटीएमएलमध्ये डिटेल्स आणि समरी अशी जोडी आहे, एक ओळही जास्त न लिहिता मिटते-उघडते. "मग?" तर त्यात शीर्षक ठेवलं की काही वाचकयंत्रं ते शीर्षक आहे हेच विसरतात, आणि दृष्टिहीन माणूस तर शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतच पान वाचतो. म्हणून शीर्षकाच्या पोटात बटण. बटणाच्या पोटात शीर्षक नाही, हे त्याने मला तीनदा बजावलं. मी शपथ घेतली.

जुलैत रंगाचं भांडण झालं. सौ.ना पांढऱ्यावर नारिंगी अक्षरं हवी होती, नागपूरचा मान म्हणून. अकराभाऊने अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक मोजला. निदान साडेचारास एक हवा. नारिंगीचा दोनास एकच्या आसपास भरला. "संत्र्याला नाही म्हणणारा पोरगा आपल्या शहरात जन्मला कसा?" सौ.नी त्याच्या आईला विचारलं. आई म्हणाली, "लहानपणी कुल्फीवाल्यालाही घंटी वाजव, घंटी वाजव म्हणत मागे लागायचा." शेवटी नारिंगीवर काळी अक्षरं ठरली. मापात बसली, संत्र्याचाही मान राहिला.

ऑगस्टात चहाच्या वेळी त्याने आम्हाला कायदा ऐकवला. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहेच. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग. सौ. म्हणाल्या, "अरे, मी शेव विकते. बँक चालवत नाही." तो म्हणाला, "शेव हीसुद्धा सेवा आहे, काकू." यावर तिला उत्तर सुचलं नाही. मला तर अजून सुचलेलं नाही.

सप्टेंबरात पान परीक्षेला बसलं. परीक्षक खालच्या माळ्यावरचे सर. तीस वर्षं गणित शिकवलं. काचबिंदूने दृष्टी गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. फोन ते बोटांनी ऐकतात. अकराभाऊने त्यांच्या हातात पान दिलं आणि श्वास रोखला.

फोन बोललाच नाही.

सरांनी बोट फिरवलं. शांतता. "यात काही लिहिलं आहे का रे, राजा?"

अकराभाऊने कपाळावर हात मारला. चार महिने बटण घासण्यात गेले, आणि पानाच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी आहे हे सांगणारी दोन अक्षरं राहून गेली. फोनचा इंग्रजी आवाज देवनागरी पाहून नवख्या साहेबासारखा गप्प उभा होता. तो धावत वर गेला, धावत खाली आला.

आता फोन मराठी बोलू लागला. फक्त हालतीचे शब्द तेवढे फोनच्या पदरचे, इंग्रजी. सर ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा पडत गेला. त्यांनी आमच्या घरी फोन लावला. "वहिनी, धीर सोडू नका. अनारसे कोलॅप्स्ड, चकली कोलॅप्स्ड, शेवसुद्धा कोलॅप्स्ड म्हणते. एवढा धंदा बसला आणि तुम्ही बोलल्या नाहीत?"

कोलॅप्स्ड म्हणजे नुसतं मिटलेलं, हे समजावण्यात एक कप चहा गेला.

"बरं बाप्पा. पण हा प्रत्येक प्रश्नामागे काळा त्रिकोण काय आहे? कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण मला माहीत आहे. हा काळा कोणत्या खात्याचा?"

तो शोभेचा बाण होता. डोळसांना दिशा दाखवायला लावलेला. तो आवाजापासून लपवायचा राहिला होता. अकराभाऊने वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो आणि फोन वाजला. सर. "मी नाही लावला, तो लागला." वाढून होतं न होतं तोच पुन्हा. "वहिनी, मी फक्त चकलीवरून शेवेवर जाऊन राहिलो होतो, मधेच तुमचा नंबर आला." तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत, नुसते खाकरले. भानगड अशी निघाली की मिटलेल्या उत्तराची अकराभाऊने फक्त उंची शून्य केली होती. डोळ्यांना ते नाहीसं झालं, पण आतली फोन लावायची लिंक जागीच होती. पडद्यामागे लपलेल्या पाहुण्याला शिंक यावी तसं. लपवायचं तर पुरतं लपवावं लागतं, हे त्याने त्या रात्री दुरुस्त केलं, आणि आमचं वरण गरम असताना खाल्लं गेलं.

एवढं झाल्यावर सर म्हणाले, "आता छान आहे. मागे फार बोलत होतं. आता विचारलं तेवढंच सांगते. माझ्या वर्गातली पोरं अशी असती तर!" अकराभाऊ जिना चढताना गात होता, असं वॉचमन सांगतो. मी ऐकलं नाही, पण त्या दिवशी वॉचमनने हनुमान चालिसा पुन्हा सुरू केली हे खरं.

दसऱ्याला सौ.नी आणखी दोन प्रश्न वाढवले. करंजीत खवा का, आणि डबा परत करावा लागतो का. अकराभाऊ पांढरा पडला. पाच होते तोवर त्याने प्रत्येक उत्तराला पानाचा स्वतंत्र विभाग असा मान दिला होता. साधारण सहाच्या वर असे मानकरी झाले की ऐकणाऱ्याला त्यांची गर्दी होते, तेव्हा देऊ नये, असं जाणत्यांनी लिहून ठेवलंय. आता झाले सात. "मान कोणाचा काढू, काकू?" सौ. म्हणाल्या, "सगळ्यांचा काढ. लग्नात एकाला फेटा बांधायचा राहिला की जन्मभर ऐकावं लागतं. कोणालाच नाही बांधला तर कोणी बोलत नाही." अकराभाऊ तिच्याकडे बघतच राहिला. इंग्रजी दस्तऐवजात सांगितलेलं तिने लाडू वळता वळता सांगून टाकलं होतं.

वसुबारसेच्या आधी पान सुरू झालं. पहिली ऑर्डर सरांची, कोणाच्या हातात फोन न देता त्यांनी स्वतः नोंदवलेली : अनारसे अर्धा किलो, शेव कमी तिखट.

मग सौ.नी अकराभाऊला बोलावून विचारलं, "तुझे पैसे किती झाले?"

अकराभाऊने जमिनीकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. टीशर्टवरच्या अकराकडे पाहिलं.

"पाहू ना, काकू."

"पाहू म्हणजे?"

"म्हणजे... देऊन द्याल काही. घरचंच तर काम आहे. होऊन जाईल."

"अर्धवट नसतं म्हणाला होतास ना," मी म्हटलं. "आकडा सांग. ट्रू की फॉल्स?"

तो काही बोलला नाही. हा धरमपेठेचा जुना आजार आहे. पैशाचा विषय निघाला की इथला कोणीही माणूस अर्धं शटर होऊन जातो. शेवटी सौ.नी स्वतःच्या हिशोबाने पाकीट भरलं, ते स्टीलच्या डब्याच्या तळाशी ठेवलं आणि वर अनारसे रचले, मोजून अकरा. झाकणावर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर ठळक अक्षरांत, काळ्या शाईने : 'अनारसे. डबा. मिटलेला.'

नाव, काम, हालत. आम्ही दोघं आपल्याच विनोदावर खूप हसलो.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी अकराभाऊच्या आईने डबा परत पाठवला. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून सांबारवड्या भरून. डबा माझ्या हातात आला, मी झाकणाला बोट लावलं, तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. अकराभाऊ अनवाणी, धापा टाकत, हातात काळा पेन.

"थांबा काका, उघडू नका! आत वड्या आहेत आणि पाटीवर अजून अनारसेच आहे."

त्याने 'अनारसे' खोडून 'सांबारवड्या' लिहिलं. नीट वाचून पाहिलं. मग म्हणाला, "आता उघडा."

मी झाकण काढलं. तो अजून उभाच होता, पेन तसंच हातात धरून. माझ्या लक्षात आलं. मी चिठ्ठीवरचं 'मिटलेला' खोडलं आणि 'उघडा' लिहिलं. तेव्हा कुठे त्याने वडी घेतली.